रिपोर्ट नॉर्मल, पण पोट ऐकत नाही

पत्राचा सारांश: वाचक ३४ वर्षांच्या आहेत. राहायला बदलापूरला, नोकरी ठाण्यातल्या एका शाळेत. चार वर्षांपूर्वी पावसाळ्यात त्यांना जोराची हगवण लागली, सलाइन लावावं लागलं. आजार बरा झाला, पण पोट पूर्वीसारखं राहिलं नाही. सकाळी घर सोडायच्या आधी तीन-चार वेळा संडासला जावं लागतं. कळ येते, जाऊन आल्यावर बरं वाटतं, पुन्हा कळ. मधूनच आव पडते. पाळीच्या दिवसांत त्रास वाढतो, मे महिन्याच्या सुट्टीत कमी होतो. रक्त, शौच, सोनोग्राफी, कोलोनोस्कोपी, सगळं नॉर्मल आलं. डॉक्टरांनी ‘आयबीएस आहे, टेन्शन घेऊ नका’ एवढं सांगितलं. (आयबीएस म्हणजे इरिटेबल बॉवेल सिंड्रोम, आतडं चटकन चिडण्याचा विकार.) वाचकांनी दूध, गहू, कांदा, लसूण, डाळी आणि बरीचशी फळं सोडून दिली आहेत, तरी फरक नाही. पुढच्या महिन्यात सासरची सगळी मंडळी एका गाडीतून तुळजापूरला निघाली आहेत. असे बेत त्यांनी तीन वर्षं टाळले, त्यामुळे सासूबाईंना वाटतं, सुनेला आपल्यात मिसळायचंच नाही. नवरा म्हणतो, ‘सगळं तुझ्या मनाचं आहे.’ वाचक विचारतात: दोनशे पदार्थांची ‘फूड इनटॉलरन्स’ रक्ततपासणी करू का? आणि या वेळी न जाण्याचं काय कारण सांगू?

उत्तर:

दोन्ही प्रश्नांची उत्तरं आधीच देऊन टाकते. ती तपासणी करू नका. आणि नवं कारण शोधू नका.

आता सविस्तर. तुमच्या पत्रात पोटाच्या तक्रारी आहेतच, पण मी सगळ्यात जास्त वेळ थांबले ते एका वेगळ्याच ओळीवर. तुम्ही लिहिलंय की बदलापूर ते ठाणे कोणत्या स्टेशनच्या कोणत्या टोकाला स्वच्छतागृह आहे हे तुम्हाला पाठ आहे, आणि फास्ट लोकल तुम्ही घेतच नाही, कारण डोंबिवली सुटली की ठाण्यापर्यंत उतरता येत नाही. हे वाचून हसू नये, कारण लोकलमध्ये संडास नसतो आणि कळ वेळ बघून येत नाही. पण त्रास सुरू झाल्यापासून तुम्ही किती गोष्टी सोडल्या याची यादी केली, तर पोटाने हिरावून घेतलं त्यापेक्षा पोटाच्या धास्तीने जास्त हिरावून घेतलंय असं दिसेल. म्हणून मी आहारापासून सुरुवात करणार नाहीये.

सुरुवात ‘नॉर्मल’ या शब्दापासून. तुमच्या मनात त्याचे दोन अर्थ आलटून पालटून येतात. एक, काहीतरी राहून गेलंय, आणखी शोधलं पाहिजे. दुसरा, काहीच नाही, म्हणजे आपणच खोटे. दोन्ही चुकीचे आहेत. आयबीएस हा ‘बाकी काही सापडलं नाही म्हणून’ चिकटवायचा शिक्का नाही. त्याचे ठरलेले निकष आहेत, २०१६ मध्ये ते सुधारून ‘रोम ४’ या नावाने प्रसिद्ध झाले. गेल्या तीन महिन्यांत सरासरी आठवड्यातून किमान एक दिवस पोटदुखी. तिचा शौचाशी संबंध, शौचाच्या वेळा बदलणं, शौचाचं स्वरूप बदलणं यांपैकी किमान दोन गोष्टी. आणि त्रासाची सुरुवात किमान सहा महिन्यांपूर्वीची. तुमचं पत्र या निकषांत तंतोतंत बसतं. तुम्हाला निदान मिळालेलं आहे. समजावून मात्र कोणी सांगितलं नाही.

हा आजार यंत्रात का दिसत नाही? कोलोनोस्कोपीत आतड्याचं अस्तर दिसतं, सूज, जखम, गाठ दिसते. आतड्याच्या नसा किती संवेदनशील झाल्या आहेत ते दिसत नाही. १९७३ साली रिची नावाच्या संशोधकाने एक साधा प्रयोग केला होता. मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागात एक छोटा फुगा सरकवून तो हळूहळू फुगवायचा आणि दुखलं की सांगायचं. आयबीएस असलेल्यांना इतरांपेक्षा बऱ्याच कमी फुगवट्याला वेदना झाल्या. ती वेदना खरी होती, आतड्याला इजा मात्र नव्हती. एखाद्या सोसायटीचा वॉचमन पोस्टमनलाही चोर समजून शिट्टी वाजवतो, तसं काहीसं तुमच्या आतड्याचं झालंय. चोर शोधायला तुम्ही पुन्हा पुन्हा माणसं पाठवताय आणि ती रिकाम्या हाताने परत येताहेत.

आणि हे सुरू कशाने झालं, ते तुम्हीच लिहिलंय. हगवणीनंतर. जंतुसंसर्ग होऊन गेल्यावर साधारण दहातल्या एकाला असा आयबीएस मागे राहतो. कॅनडातल्या वॉकर्टन गावात मे २००० मध्ये अतिवृष्टीनंतर पिण्याच्या पाण्यात जंतू मिसळले, दोन हजारांहून जास्त लोक आजारी पडले, सात जण दगावले. संशोधकांनी त्या गावकऱ्यांवर पुढे आठ वर्षं लक्ष ठेवलं. दोन-तीन वर्षांनी त्या वेळी आजारी पडलेल्यांपैकी सुमारे २८ टक्के लोकांना आयबीएस होता, आठ वर्षांनी सुमारे १५ टक्के. म्हणजे बऱ्याच जणांचं पोट काळाने निवळलं. तुमचंही निवळेलच असं वचन मी देत नाही. पण हा आजार चढत्या क्रमाचा नाही, त्यातून कॅन्सर होत नाही, आयुष्य कमी होत नाही. एवढं नक्की.

हा परिच्छेद तुमच्या यजमानांना वाचायला द्या. ‘मनाचं आहे’ यात ते अर्धेच बरोबर आहेत. आतड्याचं स्वतःचं मज्जाजाळं आहे, त्यात कोट्यवधी पेशी आहेत, आणि मेंदूशी त्याचं बोलणं दोन्ही बाजूंनी चालतं. परीक्षेच्या आधी संडासला पळणारा विद्यार्थी काही नाटक करत नसतो. शाळेच्या दिवसांत तुमचा त्रास वाढतो आणि मेमध्ये कमी होतो, याचा अर्थ एवढाच की तुमच्या नसा ताणाला लवकर उत्तर देतात. ‘टेन्शन घेऊ नका’ हा सल्ला मला तरी कधी कोणाच्या उपयोगी पडलेला दिसला नाही. टेन्शन कोणी दुकानातून विकत घेत नाही.

आवेबद्दल एक स्वतंत्र गोष्ट, कारण याच विषयावरच्या पत्रांत ती हमखास येते. आव म्हणजे शेंब, आणि ती नुसत्या आयबीएसमध्येही पडते. पण आपल्याकडे आव म्हटली की अमिबा, आणि अमिबा म्हटला की गोळ्यांचा कोर्स, असं समीकरण बसलंय. वर्षातून तीन-चार कोर्स घेणारे लोक आहेत. शौचाच्या रिपोर्टवर ‘सिस्ट’ (अमिबाचं कवचातलं रूप) लिहून आली तरी सूक्ष्मदर्शकाखाली रोग करणारा अमिबा आणि त्याचा निरुपद्रवी भाऊबंद सारखेच दिसतात. म्हणून प्रत्येक कळीला त्या गोळ्या घेऊ नका.

आता तुमची तपासणी. अशा पॅकेजांत बहुधा रक्तातली ‘आयजीजी’ ही प्रतिद्रव्यं मोजतात. आपण जे रोज खातो त्याची प्रतिद्रव्यं धडधाकट माणसाच्या रक्तातही असतात. तो पदार्थ तुमच्या पोटात गेला होता, एवढंच त्यावरून कळतं. बाधतो की नाही, ते कळत नाही. अमेरिकेतल्या आणि युरोपातल्या अ‍ॅलर्जीतज्ज्ञांच्या संघटनांनी निदानासाठी ही तपासणी वापरू नका, असंच सांगितलंय. तुम्हाला लाल खुणांची लांबलचक यादी मिळेल, तुम्ही आणखी पंधरा पदार्थ सोडाल आणि ताटात मऊ भात उरेल.

त्याऐवजी डॉक्टरांना एकच विचारा: सिलिअ‍ॅकची रक्ततपासणी झाली आहे का, आणि ती झाली तेव्हा मी गहू खात होते का? (सिलिअ‍ॅक म्हणजे गव्हातल्या ग्लुटेन या प्रथिनामुळे लहान आतड्याला इजा होणारा आजार.) गहू बंद असताना केलेली ही तपासणी खोटी ‘नॉर्मल’ येऊ शकते. ती राहिली असेल तर काही आठवडे पोळी पुन्हा सुरू करून मगच करायची. किती आठवडे, ते डॉक्टर सांगतील. जुलाबाकडे झुकणाऱ्या आयबीएसमध्ये ही एक शंका फेडून घेणं शहाणपणाचं.

आहाराकडे वळण्याआधी तुमची एक समजूत तपासून बघू. तुम्ही लिहिता, ‘काहीही खाल्लं की लगेच जावं लागतं, म्हणजे तो पदार्थ बाधला.’ नाही. आता खाल्लेलं अन्न शेवटच्या टोकाला पोहोचायला बहुधा एक दिवस किंवा त्याहून जास्त लागतो. घास पोटात पडला की मोठं आतडं आपोआप हलायला लागतं, ही सगळ्यांच्याच शरीराची नैसर्गिक प्रतिक्रिया आहे. तुमच्यात ती जोरात येते. त्यामुळे सकाळी चहा-बिस्कीट खाऊन पळावं लागलं म्हणून बिस्किटाला दोष देणं म्हणजे निर्दोषाला शिक्षा. तुम्ही ज्या क्रमाने पदार्थ सोडलेत, त्यातले निम्मे अशाच चुकीच्या साक्षीवरून सुटले असावेत असा माझा अंदाज आहे.

काही पदार्थ मात्र खरोखर त्रास देतात. मेलबर्नच्या मोनॅश विद्यापीठात विकसित झालेली ‘लो फॉडमॅप’ आहारपद्धती त्यासाठीच आहे. कांदा, लसूण, गहू, हरभरा-राजमा-छोले, दूध, आंबा, सफरचंद, कलिंगड, फ्लॉवर, मशरूम यांतल्या काही शर्करा लहान आतड्यात नीट शोषल्या जात नाहीत. त्या पाणी ओढून घेतात, पुढे जिवाणू त्या आंबवतात, वायू होतो, आतडं ताणलं जातं. इतरांना थोडं गुबारल्यासारखं होतं. तुमच्या आतड्याला तेवढ्या ताणाची कळ होते. वरचा फुग्याचा प्रयोग आठवा.

तुम्ही यातलं बरंच आधीच सोडलंय, मग उपयोग का नाही? कारण सोडायचंही एका पद्धतीने असतं, आणि परत आणायचंही. हे सगळं एकदम चार ते सहा आठवडे बंद. फरक पडला तर एकेक गट एकेकटा परत आणायचा, तीन दिवस थोडा थोडा वाढवत. फरक पडलाच नाही तर हा मार्ग तुमचा नव्हे, सगळं पुन्हा खायला लागा. तुम्ही चार वर्षं पहिल्याच पायरीवर बसून आहात, तीही अर्धवट, कारण गहू बंद पण शाळेतल्या डब्यातल्या मिसळीत कांदा-लसूण मसाला चालू. शक्य झालं तर आहारतज्ज्ञाच्या मदतीने करा. आणि सिलिअ‍ॅकची तपासणी आधी, हा प्रयोग नंतर.

आपल्या स्वयंपाकघरात हे वाटतं तितकं अवघड नाही. तांदूळ, ज्वारी, नाचणी चालतात, म्हणजे भाकरी आहे. बटाटा, भेंडी, गाजर, काकडी, पालक आहेत. मूगडाळ थोडी, भिजवून आणि ते पाणी ओतून देऊन. दुधाऐवजी ताजं दही पुष्कळांना सोसतं. लसणाशिवाय घशाखाली उतरत नसेल तर एक युक्ती आहे: लसणातल्या त्रासदायक शर्करा पाण्यात विरघळतात, तेलात नाही. तेलात पाकळ्या परतून लालसर होऊ द्या, सगळ्या काढून टाका आणि मग त्या तेलात जिरं घालून फोडणी करा. स्वाद राहतो. आमटीत पाकळ्या उकळून नंतर वेचून काढल्या तर मात्र उपयोग नाही, जे जायचं ते पाण्यात गेलेलं असतं. आणि घरात श्रावण किंवा चातुर्मास पाळत असतील तर कांदा-लसूण बंद करण्याला याहून चांगला काळ नाही. कोणी ‘का’ म्हणून विचारणार नाही. फक्त उपासाच्या दिवशी दिवसभर काही न खाता रात्री तेलकट खिचडीवर बसू नका. मोठा आणि तेलकट घास आतड्याला जोरात हलवतो.

याच कारणासाठी, तुम्ही सकाळी उपाशी निघता ते थांबवा. पोटात काही नाही म्हणजे त्रास नाही, असा तुमचा हिशेब आहे. मग मधल्या सुट्टीत पहिला घास जातो आणि पाचवा तास सुरू होताना कळ येते, ही तुमचीच तक्रार आहे. पाऊण तास लवकर उठा. घरी काहीतरी गरम खा, मग निवांत बसायला वेळ ठेवा. जे व्हायचं ते स्वतःच्या घरात होऊ द्या. चहा एकच, आणि रिकाम्या पोटी नको.

औषधांकडे तुमचा कल दिसत नाही, ‘किती दिवस घ्यायच्या’ असं लिहिलंय. पण काही साध्या गोष्टी आहेत. इसबगोल फक्त बद्धकोष्ठासाठी असतं हा गैरसमज आहे, ते पातळ शौचालाही बांधून आणतं. एका लहान चमच्यापासून, भरपूर पाण्याबरोबर, हळूहळू वाढवत. गव्हाचा कोंडा मात्र पुष्कळांचा त्रास वाढवतो. ‘पोट साफ’ करणारी चूर्णं तर आजच कपाटातून काढा. त्यांत बहुधा सोनामुखी असते आणि तुमच्या पोटाला साफ होण्याची काडीइतकीही गरज नाही. कळीसाठी आतड्याचे स्नायू सैल करणाऱ्या गोळ्या असतात. प्रवासाच्या दिवशी, निघण्याआधी जुलाब रोखणाऱ्या लोपरामाइडची एखादी गोळी घ्यावी का, हे डॉक्टरांना विचारा. ती दुखणं थांबवत नाही, धाव थांबवते. ताप किंवा शौचात रक्त असेल तेव्हा ती घ्यायची नाही.

एवढ्याने भागलं नाही तर डॉक्टर कदाचित अ‍ॅमिट्रिप्टिलिन सुचवतील. घरी येऊन तुम्ही मोबाइलवर शोधाल, ‘नैराश्याची गोळी’ असं दिसेल आणि तुम्ही ती टाकून द्याल, म्हणून आधीच सांगते. नैराश्यासाठी लागते त्याच्या मानाने फारच थोड्या मात्रेत, रात्री १० मिलिग्रॅमपासून, ती आतड्याच्या नसा शांत करायला देतात. इंग्लंडमध्ये ४६३ रुग्णांवर झालेला अभ्यास २०२३ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. सहा महिन्यांनी या गोळीच्या गटाला, औषध नसलेली पण तशीच दिसणारी गोळी घेणाऱ्या गटापेक्षा स्पष्ट जास्त आराम होता. तोंड कोरडं पडतं, झोप येते, थोडं बद्धकोष्ठ होतं, जे तुमच्या बाबतीत गैरसोयीचं नसावं. हृदयाचा त्रास असेल किंवा मूल होऊ देण्याचा विचार असेल तर आधी डॉक्टरांना सांगा.

गोळ्यांशिवायचे उपायही आहेत. आतड्यावर लक्ष एकवटणारं संमोहन मँचेस्टरमध्ये १९८४ पासून अभ्यासलं गेलंय, विचार-वर्तन उपचाराचा तर भरपूर अनुभव आहे. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडे जाणं म्हणजे ‘मनाचं आहे’ हे कबूल करणं नव्हे. पाठीच्या दुखण्याला आपण व्यायाम करतोच ना.

त्यातलाच एक भाग तुम्ही स्वतः सुरू करू शकता. एखाद्या रविवारी, कुठेही वेळेत पोहोचायचं नसताना, यजमानांना बरोबर घ्या आणि फक्त डोंबिवली ते ठाणे फास्ट लोकलने जा. पंधरा-वीस मिनिटांचा टप्पा. कळ आली तर येऊ द्या, ती वाढते, थोडी थांबते, ओसरते, हे एकदा अंगाने कळू द्या. पुढच्या रविवारी पुन्हा. मग एकट्याने. प्रत्येक वेळी स्लो लोकल पकडून तुम्ही आतड्याला हेच शिकवत आलात की फास्टमध्ये धोका होता. बॅगेत एक जादा सलवार आणि टिश्यू ठेवा, त्यात कमीपणा नाही.

आता तुळजापूर. तुमच्या सासूबाईंना आजार माहीत नाही, फक्त टाळाटाळ माहीत आहे. त्यांनी काढलेला अर्थ दुखावणारा असला तरी त्यांच्या जागी बसून बघितलं तर चुकीचा नाही. तुम्हाला वाटतं की असलं काही सासूसमोर बोलायचं कसं. पण ज्या पिढीने तीन मुलांचे लंगोट धुतले, तिला संडास या शब्दाचा धक्का बसत नाही. जमलं तर स्वयंपाकघरात, हात कामात असताना बोला: ‘आई, त्या हगवणीपासून माझ्या आतड्याचं दुखणं मागे राहिलंय. जीवघेणं नाही, पण कळ आली की लगेच जावं लागतं. गाडीत सगळ्यांसमोर थांबा म्हणायची लाज वाटते, म्हणून मी टाळत होते. तुमच्याबरोबर यायचंय मला.’ बस. नावं, रिपोर्ट, कारणं काही नको. शक्यता अशी आहे की त्यांना स्वतःलाच दर दोन तासांनी उतरावं लागतं आणि त्याही आजवर कोणाला म्हणाल्या नाहीत.

प्रवास आठ-नऊ तासांचा आहे. पुण्यापर्यंत द्रुतगती मार्गावर फूड मॉल आहेत, पुढे सोलापूर रस्त्याला पेट्रोल पंप आणि हॉटेलं. दर दोन तासांनी थांबा हे निघतानाच गाडी चालवणाऱ्याला सांगून ठेवा, म्हणजे ऐनवेळी मागायची वेळ येत नाही. दाराजवळची जागा घ्या. आदल्या रात्री हलकं जेवा, पहाटे घरी खाऊन निघा, डबा आपला. वाटेतली झणझणीत मिसळ इतरांना खाऊ द्या, तिखटानेही आतडं चाळवतं. तरी त्या दिवशी नाहीच जमलं, तर ‘मी दुसऱ्या दिवशी ट्रेनने सोलापूरला येते’ हा पर्याय यजमानांशी आधी बोलून ठेवा. लांब पल्ल्याच्या गाडीत संडास असतो, आणि सोलापुराहून तुळजापूर दूर नाही. न जाणं आणि सगळ्यांबरोबर जाणं यांच्यामधली ही वाट तुमच्या लक्षात आली नव्हती, असं पत्रावरून दिसतं.

पुढच्या भेटीला जाताना दोन आठवड्यांची नोंद घेऊन जा: शौच किती वेळा, कसं, दुखणं किती, पाळी, झोप, शाळेत काय होतं. खाल्लेल्या पदार्थांपेक्षा हे जास्त बोलकं असतं. डॉक्टर घाईत असतील तर पहिल्याच वाक्यात सांगा, ‘मला आयबीएस आहे हे मी मान्य केलंय, आता उपचार ठरवू या.’

ज्यांनी हे स्वतःसाठी वाचलं त्यांच्याकरता एक सूचना. शौचात रक्त, न ठरवता उतरलेलं वजन, पांडुरोग (अंगात रक्त कमी असणं), ताप, रात्री झोपेतून उठवणारे जुलाब, घरात मोठ्या आतड्याचा कॅन्सर झालेला माणूस, किंवा पंचेचाळिशी-पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेला त्रास, यांतलं एक जरी असलं तरी वरचं सगळं बाजूला ठेवा आणि आधी पोटाच्या डॉक्टरांकडे जाऊन तपासण्या करून घ्या. पन्नाशीनंतर पहिल्यांदाच पोट सतत फुगलेलं वाटणाऱ्या बायकांनी त्याला गॅस म्हणून सोडून देऊ नये, बीजकोशाचीही (ओव्हरीची) तपासणी करून घ्यावी.